रासीपाशी बोलायचं नसतं

बन्सीधर मास्तरांनी तालुक्याहून आलेला उर्दू कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, परत वाचला आन् म्हणले, "कावेरी, तुझ्या जिंदगीत घडलेली एक गोष्ट लिहायची आणि तिच्यातला सबक लिहायचा. मराठीत चालेल म्हणतात."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच काय म्हणतेस! जागा द्यायची की नाही ते त्या निबंधावरच ठरणार. परभणीला साहेबांसमोर उभं राहून वाचायचाय."

जागा म्हंजे आमच्या गावात निघणाऱ्या पोरींच्या शाळेची. दुनियाभरची लढाई संपून वरीस झालं होतं. पेडगावच्या बाजूच्या चार-दोन गावांत पोरींच्या शाळा काढायचं सरकारनं मनावर घेतलं होतं आन् शिकवायला बाईमाणूसच पाहिजे होतं. आख्ख्या गावात चौथी झालेली बाई मी एकटी. लहानपणी परभणीला मामाच्या घरी राहून शिकले, मंग लग्न होऊन पालमला गेले, आन् नवरा पटकीनं गेला तशी माघारी आले. तवापासून बापाच्या वावरात राबत होते. पालमचा दीर सणासुदीला निरोप धाडायचा, "वैनीला पाठवून द्या, घरात दळायकांडायला माणूस न्हाई." माझा बाप लिंबाजी, आमी त्याला आबा म्हणायचो, मनानं लय मऊ. सुगी झाली की पोरीला पोचवतो, असं त्यानं कबूल करून टाकलं होतं. म्हंजे शाळा मिळाली तर मी मास्तरीण, न्हाई मिळाली तर पालमचं जातं. मधलं काही न्हाई.

मास्तर पोरांच्या शाळेवर होते. माणूस भला, पण पाण्याला भिऊन घागर उपडी ठेवणारा. म्हणले, "मी तुला नमुना सांगतो. लहानपणी मी शेजारच्या बागेतला आंबा चोरला. माळ्यानं पकडलं. आईनं समजावलं. तेव्हापासून कधी चोरी केली नाही. खाली सबक लिहायचा, चोरी करू नये. झालं."

"तुमी चोरला व्हता का आंबा?"

"मी कशाला चोरू? नमुना आहे तो."

"म्हंजे न चोरलेल्या आंब्याचा निबंध लिहायचा, आन् त्यात लोकाला शिकवायचं की खोटं बोलू नये?"

"चोरी करू नये," मास्तर म्हणले. "खोट्याचा निबंध वेगळा आहे."

आमच्या शेजारी बागही न्हवती. शेजारी दगडामावशीचा उकिरडा होता. मी कागद घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी वावरात ज्वारीची काढणी चालू होती. ताटं उपटायची, ओळीनं आडवी टाकायची, मागून कणसं मोडायची. काळी जमीन वाळून दगड झालेली. ताट उपटताना तळहाताची साल निघायची आन् ज्वारीची कूस अंगभर खाजायची. आबा पुढं, मी मधी, माय मागं कणसं मोडीत. मायला मी निबंधाचं सांगितलं तर तिनं चालू कामात हातातलं कणीस हलवीत मला गोष्टीच गोष्टी सुचवल्या.

"सासूची सेवा केली म्हून लिही."

"सासूनं तापलेलं उलथणं लावलं, ते लिहू का?"

"अगं माय, तसलं न्हाई. उपास केले म्हून लिही."

"नवरा वाचला का उपासानं?"

"तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाई गं, बया!" माय चिडली आन् मोडलेली कणसं पाटीत आपटायला लागली. आबा पुढून म्हणला, "म्होठ्या माणसाचा मान राखावा, असं कायतरी लिही, कावेरे. साहेबलोकाला ते आवडतंय." त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. त्याची पाठ घामानं काळी झालेली होती.

मी ताटं उपटीतच राहिले. कारण काय लिहायचं ते माझं कालच ठरलं होतं. सबक म्हंजे काय, ते आमच्या गावात शेंबडं पोर सांगेल. बैलानं शिंग मारलं की त्याला सबक द्यायचा. चोर घावला की त्याला सबक. मला कुणी सबक दिला असं काही आठवंना. मी दिलेला मात्र एक होता, आन् तो आख्ख्या गावाला ठाऊक होता. लोक म्हणायचेच, कावेरीनं पाटलाला सबक दिला. सरकारलाबी तेच पाहिजे, असं मला वाटलं. मला तर नवलच वाटलं की सरकार असलं विचारतंय.

दुपारी भाकर खाऊन आबा-माय बाभळीखाली आडवे झाले की मी सूप मांडीवर पालथं घ्यायची, त्याच्यावर कागद ठेवायची आन् लिहायची. बोटं फुटलेली, टाक धरता येईना. तरी लिहिलं. लिहिलं ते असं.

आमच्या गावचे पाटील किशनराव. साहेबाचा दौरा हाय, सरकारी वेठ हाय, असं सांगून ते कोतवालाकडून गरिबाघरच्या बायांना बोलावून घ्यायचे, आन् कामाला लावायचे आपल्या स्वतःच्या खळ्यावर. सुगीत आमची ज्वारी वावरात उभी, आन् आमी पाटलाची मळायलो. वेठीला मजुरी नसती. भाकरसुद्धा आपली आपण न्यायची. पण एक जुनी चाल होती. खळ्याच्या कडंला उडालेली, बैलाच्या पायाखाली तुटलेली कणसं सांजच्याला बायांनी वेचायची आन् ओटीत घालून घरी न्यायची. त्याला सरवा म्हणतेत. त्या सरव्यावर किती घरची चूल पेटायची.

गेल्या सुगीत पाटलाच्या डोक्यात किडा शिरला. बाया ओटीतून चांगलं धान नेतेत, म्हणला, म्हून माझी रास कमी भरायली. सांजच्याला त्यानं आमाला ओळीनं उभं केलं आन् म्हणला, "ओटी झाडा." बाप्ये माणसं समोर बसलेली, विड्या ओढीत. आमच्यात बाईची ओटी भरतेत. झाडायला कुणी लावीत न्हाई. रांडमुंड बाई म्हून माझी तर ओटी कुणी भरीतबी न्हवतं, पण झाडायला ती पाटलाला चालली.

दगडामावशीचा नंबर आधी आला. म्हातारीनं कासोटा सावरत पदर सोडला तर ओटीतून अर्धी भाकर पडली. दुपारची राखून ठिवलेली. भाकर मातीत पडली, घरंगळत पाटलाच्या चपलीपाशी गेली, आन् बसलेले बाप्ये हसले. मावशी खाली बसली, भाकर उचलली, फुंकली आन् परत ओटीत घातली. तिनं कुणाकडंच बघितलं न्हाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मात्र मी गुमान ओटी झाडली आन् घरी आले.

दुसऱ्या दिवशी रास उपणून झाली. आमच्याकडं रासीपाशी चप्पल घालून जात न्हाईत, पाटील असला तरी त्याला अनवाणी जावं लागतंय. आन् रासीपाशी बोलायचं नसतं. बाईमाणसानं तर मुळीच न्हाई. बाई बोलली की रास आटते, बरकत जाते म्हणतेत. पाटील हात जोडून उभा, ऊदबत्ती लावलेली, पहिलं माप भरून 'लाभ' म्हणायची वाट सगळे बघायलेले. मी दिवसभर धुऱ्यावरचे, बांधावरचे काटेरी सराटे वेचून ओटीत भरले होते. वाळलेले, चांगले टणक. वर दोन पसे माती. मी सरळ रासीपाशी गेले आन् मोठ्यानं म्हणले, "पाटील, ओटी झाडते हो."

आन् झाडली. त्या उपणलेल्या पिवळ्या रासीवर सगळी झाडली. म्हणले, "तुमच्याच रानातले सराटे हायेत. घरी कामून नेऊ? उगं चोरीचा आळ यायचा."

मागून दगडामावशी म्हणली, "थांब गं, मीबी आले." तिच्या ओटीत काही न्हवतं. तिनं रिकामी ओटी झाडली. झाडायची म्हून झाडली.

पाटील मला धरायला म्हून तसाच रासीत शिरला. अनवाणी. पयल्या पावलाला सराटा, दुसऱ्या पावलाला दोन. एका पायावर नाचत 'आई गं, मेलो गं' करायला लागला, आन् कालचे हसणारे बाप्ये आजबी हसले. असा मी पाटलाला सबक दिला.

इथं माझा निबंध संपला असता. पण खरं लिहायचं तर पुढचंबी लिहायला पाहिजे होतं. टाक हातात धरून मी लय येळ बसले. आबा बाभळीखाली घोरायला होता. मंग लिहिलं, की त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा बाप पाटलाच्या खळ्यावर गेला. पोरीचं चुकलं म्हून त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं. पाटलाची आख्खी रास त्यानं वावडीवर, उपणायच्या उंच तिवईवर, उभं राहून पुन्हा उपणली, पुन्हा चाळली, सराटे एक-एक करून वेचले. तो घरी आला तवा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणला, भुसकट गेलं. आबा मला एका शब्दानं बोलला न्हाई, आन् तेच मला लय लागलं. पाटलाचा मला राग आला होता, पण त्या मुंडाशाचा मला आजूनबी राग येतोय.

तेवढं लिहून मी कागदाची घडी घातली.

मास्तर वाटंत भेटले. "झाला का निबंध? आंब्याचा?"

"न्हाई, सराट्याचा."

"सराट्याचा? बरं बरं," मास्तर म्हणले. "त्यातही काही बोध असेलच."

मास्तरांनीच मला सांगितलं की निबंधाबरोबर चालचलन चांगलं असल्याचा दाखला लागतो. गावच्या पाटलाच्या सहीचा. म्हंजे त्याच किशनरावाच्या. आबा म्हणला, "मी येतो संगं," आन् मुंडासं घरातूनच काखेत धरून निघाला. मी म्हणले, "आबा, ते डोक्याला बांधा." त्यानं बांधलं, पण पाटलाचा वाडा आला तसं परत काढलं.

किशनराव पाटील ओसरीवर पाय सोडून बसला होता. आमाला बघून त्यानं पाय आखडून घेतले. मला हसू आलं आन् ते त्यानं बघितलं.

"नेकचलनीचा दाखला?" तो म्हणला. "तुला?"

"पोरगी चुकली, मालक," आबा म्हणला. "वरीस झालं आता. लेकरू समजून..."

"लेकरू कसलं? नवरा खाल्लेली बाई हाय ती." पाटलानं पानाची पिंक टाकली. "दाखला देतो मी. आपलं मन काय एवढं बारीक न्हाई, लिंबाजी. औंदाची रास पडू दे. सगळ्या गावासमोर हिनं रासीपाशी यायचं, तोंड उघडायचं न्हाई, आन् नाक घासायचं. नाक उचलस्तोवर सही करून देतो."

आबानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यात 'हो म्हण' असं चक्क लिहिलेलं होतं. मी चौथी शिकलेली, मला ते वाचायला आलं.

"पाटील," मी म्हणले, "नाक माझं हाय. तुमच्या रानात उगवलेलं न्हाई."

घरी येस्तोवर आबा माझ्याशी बोलला न्हाई. माय मात्र बोलली. तिनं भाकरी थापता थापता माझा सगळा उद्धार केला. "दोन घडीचं काम हाय गं! नाकच घासायचं हाय, कापून तर द्यायचं न्हाई! आन् मंग जनमभर खुर्चीवर बसायचं! पालमला जाऊन पीठ पाडायची हौस हाय का तुला?" मी म्हणले, "न्हाई हौस." माय म्हणली, "मंग?" खरं सांगते, रातभर मला शाळाच दिसत होती. आमच्या चिमण्या पोरी ओळीनं बसलेल्या, आन् मी पुढं. ती जागा मला पाहिजे होती. भूक लागल्यावर भाकर पाहिजे असती तशी पाहिजे होती.

दाखल्याबिगरच जायचं ठरवलं. आबानं गाडी जुंपली. नको म्हणला न्हाई, आन् बरं म्हणला न्हाई.

परभणीला शाळेच्या ओसरीत आमी पाच-सहा बाया होतो. एक झरी गावची, बाकीच्या शहरातल्या, पायात चपला असलेल्या. त्यांनी एकेक करून निबंध वाचले. एकीनं आंबा चोरला होता. दुसरीनं पेरू चोरला होता. तिसरीनं आईचं ऐकलं न्हाई म्हून ती विहिरीत पडता पडता वाचली. शाळा तपासणारे साहेब म्हातारे होते, शेरवानी घातलेले, पांढरी दाढी. मराठी त्यांना समजायची, बोलायचे मोडकीतोडकी. त्यांच्या डोळ्यावर झापड आली होती.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आन् वाचायला लागले. ओटी झाडली तिथं साहेब सरळ बसले. पाटील एका पायावर नाचला तिथं त्यांना एवढं हसू आलं की तोंडातलं पान रुमालात काढावं लागलं. शेजारचा कारकून तोंडावर कागद धरून हसायला. मी मुंडाशाचं वाचलं तवा मात्र कुणी हसलं न्हाई.

"बाई," साहेब डोळे पुसत म्हणले, "अच्छा लिखा. मगर एक गलती हाय. सबक म्हंजे तुमी काय शिकले, ते. तुमी दुसऱ्याला काय शिकवले, ते न्हाई."

आता गं बया! माझ्या तोंडावर घाम फुटला. चपला घातलेल्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या. म्हंजे सरकार हे विचारीत होतं! मला क्षणभर वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मंग मला रागच आला.

"साहेब," मी म्हणले, "मंग हा निबंध पाटलाला लिहायला सांगा. सबक त्याला घावला, मला न्हाई."

साहेब परत हसले, पण थोडंच. "ठीक हाय. पण तुमी? तुमी त्याच्यातून काहीच नाही शिकले? सोचा. जल्दी नाही."

मी उभीच राहिले. म्होठ्याचा मान राखावा, असं म्हणले असते तर काम भागलं असतं. जिभेवर आलंबी होतं. पण जे घडलं ते सोडून दुसरं काही सुचंना.

"रासीपाशी बाई बोलली की बरकत जाते म्हणतेत," मी म्हणले. "मी बोलले. चांगली वरडून बोलले. मंग माझ्या बापानं रास पुन्हा उपणली आन् माप घातलं. पाटलाचा जेवढा अंदाज होता तेवढीच भरली. एक शेरबी कमी न्हाई. लहानपणापासून मी रासीपाशी दात-ओठ आवळून उभी राहायचे, साहेब. कुणी बोललं न्हाई म्हून कुणाला कळलंच न्हाई की बोलल्यानं काही व्हत न्हाई. मी ते शिकले."

साहेबांनी दाढीवरनं हात फिरवला, समोरच्या कागदावर उर्दूत काहीतरी लिहिलं आन् म्हणले, "पास. चालचलनीचा दाखला द्या."

"दाखला न्हाई. पाटील देत न्हाई. ज्याच्या पायात सराटे गेले तोच पाटील."

"अरेरे." साहेबांनी टाक खाली ठेवला. "दाखल्याबिगर मी जागा कशी देऊ? कायदा हाय."

"पाटलाच्या चालचलनीवर कुणाची सही लागती, साहेब?"

"कुणाचीच नाही," साहेब म्हणले. त्यांना हसू आलं न्हाई. "आठ रोजांत दाखला आणा. तोपर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही, बेटी."

आबा बाहेर बैलांपाशी बसला होता. मी सगळं सांगितलं. पास झाले म्हणल्यावर त्याचं तोंड उजळलं, आन् दाखल्याचं ऐकून परत उतरलं. गाडी शहराबाहेर पडली. ऊन लय होतं. दोन्ही कडंला काढणी झालेली रानं मोकळी पडलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. आबा म्हणला, "काय लिहिलं व्हतंस एवढं? साहेब हसल्याचा आवाज पार बैलांपस्तोर आला."

"वाचू का?"

"वाच. मला काय येतंय वाचायला!"

मी घडी उलगडली. आबा पुढं बघत ऐकत होता. पाटील नाचला तिथं तो खुदकन हसला. वरीसभर ह्या गोष्टीला तो कधी हसला न्हवता. मंग मुंडाशाचं आलं. मला वाटलं गाळावं. कागद माझ्या हातात, गाळलं असतं तर त्याला काय कळणार होतं? पण मी साहेबापुढं वाचलं आन् बापापुढं गाळू का? मी वाचलं. आवाज चिरकला तरी वाचलं. मुंडासं काखेत, वावडीवर उभा, सराटे एक-एक करून वेचले, डोळे लाल, भुसकट गेलं म्हणला, सगळं.

आबानं बैल थांबवले. खाली उतरला, उगंच जुवाची दोरी चाचपली, चाकाकडं बघितलं. चाकाला काही झालेलं न्हवतं. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता.

"भुसकट न्हवतं ते," आबा म्हणला.

"माहीत हाय, आबा."

"तुला माहीत व्हतं?"

"तवाच माहीत व्हतं."

तो गाडीवर चढला आन् बैल हाकले. घर येस्तोवर आमी बोललो न्हाई. पण ते न बोलणं निराळं होतं, रागाचं न्हवतं.

सकाळी आमच्या खळ्यावर आबा तिवड्याभोवती, मधल्या खुंट्याभोवती, बैल फिरवीत होता. माय आन् मी कणसं पसरायलो होतो. तेवढ्यात चंद्रभान कोतवाल आला. माणूस गरीब, आमच्यासारखाच, नुसता पाटलाच्या निरोपाचा धनी. त्यानं खळ्याबाहेर चपला काढल्या आन् म्हणला, "लिंबाजी, पाटलाची रास पडली. वेठीला चल म्हणलेत, आन् पोरीला घेऊन ये. दाखला लिहून ठिवलाय. सहीबी झाली हाय, मी सवता बघितली. नाक घासलं की हातावर."

मायच्या हातातली पाटी खाली आली. "सही झाली हाय म्हणतोय गं तो," ती म्हणली. "कावेरे, ऐक की. साहेबानं जागा राखून ठिवलीय. जा गं, माझी बाय. कुणाच्या ध्यानातसुद्धा राहत न्हाई असलं." ती रडायलाच लागली. मायची तळमळ मला कळत होती. तिच्या डोळ्यापुढं पालमचं जातं होतं, आन् माझ्यासुद्धा.

आबानं बैल उभे केले. मानंवरचा घाम पुसला. मुंडासं डोक्याला घट्ट बांधलेलं होतं. तो माझ्याकडं बघायला लागला. ह्या येळी त्याच्या डोळ्यात 'हो म्हण' असं लिहिलेलं न्हवतं. तो विचारीत होता. जागा माझी होती, म्हून मला विचारीत होता.

"माझ्याकडं काय बघताव, आबा?" मी म्हणले. "माझं उत्तर मी कवाच दिलंय." शाळा गेली, हे त्या क्षणी मला कळलं. लय वाईट वाटलं, खोटं कामून बोलू? पण मान खाली गेली न्हाई.

आबा चंद्रभानकडं वळला. "माझ्या खळ्यावर काम हाय. मी येत न्हाई. पोरगीबी येत न्हाई."

"आरं, उद्या तर?"

"उद्याबी काम हाय. आन् इथून जाताना पालमकडच्या कुणाच्या कानावर घाल, पोरगी तिकडंबी येत न्हाई. हितंच राहती. माझी भाकर हाय तवर तिची हाय."

मायनं पदर तोंडाला लावला. चंद्रभान घाबरला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आन् खळ्याच्या कडंला येऊन हळूच म्हणला, "लिंबाजी, वेडेपणा करू नगंस. पाटील आग पाखडील. मी असं करतो, तुला ताप आलाय म्हून सांगतो. हातरुणाला खिळलाय म्हणतो. दोन दिवस घराबाहेर पडू नगंस, म्हंजे भागलं. सगळे तसंच करतेत."

आबानं चाबूक खांद्यावर टाकला.

"ताप आलाय म्हणू नगंस, चंद्रभान. मला काही झालेलं न्हाई. लिंबाजी आला न्हाई, एवढंच सांग."

आन् त्यानं बैल हाकले.